शिवेचा साक्षीदार

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. सात तारखेपासून दहा तारखेपर्यंत आमच्या बौद्धवाडीत कुणाच्या तोंडात धड घास गेला नाही. वाडीतला एक पोरगा पूंछच्या बाजूला होता. अग्निवीर. त्याची आई दिवसातनं दहा वेळा माझ्या पडवीत यायची आणि एकच विचारायची, “तात्या, थांबली काय?” मी म्हणायचो, “नाय गो अजून.” दहाला संध्याकाळी थांबली. बाराला बुद्धपौर्णिमा होती. विहारात पोरं जमली, वंदना झाली, खीर झाली, आणि मग जे बोलणं निघालं त्यापायी हे लिहायला बसलोय.

एक पोरगा म्हणाला, आता थांबायलाच नको होतं, एकदाचा निकाल लावून टाकायचा. दुसरा म्हणाला, निकाल कुणाच्या पोरांच्या जिवावर? तिसरा कॉलेजात जातो. त्याने मला विचारलं, “तात्या, बाबासाहेब असते तर काय म्हणाले असते?”

असते तर कशाला? ते म्हणून गेलेत. १० ऑक्टोबर १९५१ रोजी, लेखी, मंत्रिमंडळातून बाहेर पडल्याची कारणं देताना. विहारात चौदा पोरं होती. एकालाही ठाऊक नव्हतं. पोरांना दोष देत नाही. जयंतीला भाषणं ठोकतो आम्ही म्हातारेच, आणि त्या निवेदनातलं हिंदू कोड बिल तेवढं सांगतो. काश्मीरचा मजकूर गाळतो. भ्यायलोय म्हणून गाळतो, दुसरं काय? गावात आपण आधीच ‘ते’. त्यात आणखी कुणी देशद्रोही म्हणायला नको. पण चौदा पोरांपुढे मला माझीच लाज वाटली. म्हणून तो मजकूर आज न गाळता सांगतो. फक्त सुरुवात काश्मीरपासून करत नाही. आपल्या शिवेपासून करतो.

माझा आजा मंडणगड तालुक्यातला. गावकीची वेठ केलेला माणूस. तो सांगायचा, दोन गावांत शिवेचा तंटा पडला की इकडचा खोत कागद काढायचा, तिकडचाही खोत कागद काढायचा. कागदाला कागद. मग महाराला पुढे करायचे. डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन महार चालणार आणि तो चालेल ती शीव. पऱ्यातनं, सड्यावरनं, जांभ्याच्या धोंड्यांवरनं, अनवाणी. खोटा चालला तर त्याचा निर्वंश होतो असा समज. म्हणजे बघा, जमीन खोताची आणि निर्वंश महाराचा! आजा हे हसत सांगायचा. म्हणायचा, साऱ्या गावाची हद्द माझ्या पायात, आणि पाय ठेवायला माझ्या नावावर जागा नाय.

हे आमच्याच गावचं नाही. महाराष्ट्रभर शीव दाखवणं हे महाराचं काम होतं आणि शिवेच्या भांडणात त्याची साक्ष धरली जायची. ज्याची सावली चालत नव्हती त्याची साक्ष चालायची. का? कारण त्याचा त्या जमिनीत काडीचा वाटा नव्हता. बिनहिश्शाचा माणूस, म्हणून खरा साक्षीदार.

बाबासाहेबांचं ‘द अनटचेबल्स’ हे पुस्तक १९४८ साली निघालं. त्यात त्यांनी मांडलं की टोळ्याटोळ्यांच्या लढायांत फुटलेली, भंगलेली माणसं गावांनी आपल्या सीमेवर बसवली, हल्ला आला तर पहिला वार त्यांनी झेलावा म्हणून. इतिहासकारांना हा सिद्धांत पटो न पटो. माझ्या आज्याला तो वाचून दाखवायची गरज पडली नसती. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यातलं. तेव्हा शीव म्हणजे काय हे त्या माणसाला लंडनच्या ग्रंथालयात शिकावं लागलं नव्हतं.

देशावर महाराला निदान वतनाचा तुकडा होता. कोकणात खोती. घर खोताच्या जागेत, चूल खोताच्या मर्जीवर. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती मोडायचं बिल मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले, त्यात कुणबी होते, महार होते. ते बिल तसंच राहिलं. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. कायद्याने म्हणतो. त्या अग्निवीर पोराचं घर ज्या जागेवर आहे त्या जागेचा सातबारा मी स्वतः काढून बघितलाय. नाव जुन्या मालकाच्या घराण्याचं. पोरगा पूंछला देशाची हद्द राखतोय आणि इथे त्याच्या न्हाणीची हद्द कुठे हे दुसरा ठरवणार.

आता पलटणीचं. कोरेगावचं सांगत नाही, ते तुम्हाला पाठ आहे. दापोलीचं सांगतो. दापोली म्हणजे पेन्शनर शिपायांचं गाव. गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन इथेच राहिले. सुभेदार रामजी सकपाळही पेन्शनीत इथेच येऊन राहिले. गावाची शीव राखणारा महार इंग्रजाच्या फौजेत गेला आणि तिथे त्याला पहिल्यांदा पगार, शाळा आणि बूट मिळाले. १८९२ च्या सुमाराला सरकारला साक्षात्कार झाला की महार ही लढाऊ जात नव्हे. भरती बंद. वलंगकरांनी अर्ज लिहिले, कागद झिजवला. १९१७ साली महायुद्धात माणूस कमी पडला तेव्हा १११ महार पलटण उभी केली, १९२१ ला मोडली. पुन्हा दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. बाबासाहेब तेव्हा संरक्षण सल्लागार मंडळावर होते आणि त्यांनी त्यासाठी जोर लावला होता.

म्हणजे आग लागली की पाणी भरायला बोलवायचं आणि विझली की घागर फोडायची. ही रीत ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

सीमा म्हटली की आपल्याला बर्फच आठवतो. पण आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची दक्षिणेची हद्द १९६१ पर्यंत परदेशाची हद्द होती, हे आता किती जणांना माहीत आहे? सिंधुदुर्ग १९८१ ला वेगळा झाला, त्याआधी सावंतवाडी, बांदा सगळं रत्नागिरीत. बांद्यापलीकडे पोर्तुगाल! १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला बिनहत्यारी सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौज गोव्यात शिरली, दोन दिवसांत ती हद्द पुसली. तिथे दोन्हीकडची माणसं एकाच बोलीत बोलत होती, एकाच बाजारात मासळी विकत होती. त्यांच्यात तंटा नव्हताच. तंटा लिस्बनशी होता. सगळ्या सीमा इतक्या सोप्या नसतात.

१९४७ ची तर नव्हतीच. ती आखायला सिरिल रॅडक्लिफ नावाचा इंग्रज वकील ८ जुलै १९४७ ला दिल्लीत आला. आधी त्याने हिंदुस्थान पाहिला नव्हता. हाताशी पाच आठवडे. नकाशे आणि जनगणनेचे तक्ते घेऊन बसला आणि पंजाब-बंगालची शीव आखून मोकळा झाला. निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. माणसांनी झेंडे लावले तेव्हा आपण कुठल्या देशात आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. ढेकूळ डोक्यावर घेऊन चालणं तर सोडाच, हा माणूस त्या बांधावर उभासुद्धा राहिला नाही. लाखो मेले, कोटीच्या वर माणसं उठून चालायला लागली.

त्या रेघेने बाबासाहेबांचीही जागा नेली. १९४६ ला मुंबईतून घटना समितीत जायची वाट काँग्रेसने बंद केली होती, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या आपल्या लोकांनी त्यांना बंगालमधून निवडून दिलं. फाळणीत ती जागा गेली. मग जुलै १९४७ मध्ये जयकरांच्या रिकाम्या जागेवर ते मुंबईतून पुन्हा गेले. आणि मंडल? ते बारिसालचे नमशूद्र. पाकिस्तानात राहिले. पाकिस्तानच्या घटना समितीच्या पहिल्या बैठकीचे अध्यक्ष झाले, पहिले कायदेमंत्री झाले.

जरा थांबून हे बघा. एक रेघ. अलीकडे कायदेमंत्री अस्पृश्य, पलीकडे कायदेमंत्री अस्पृश्य. मंडलांनी ऑक्टोबर १९५० मध्ये कलकत्त्याला येऊन राजीनामा दिला, पूर्व बंगालातल्या आपल्या माणसांवरचे अत्याचार मोजून दाखवत. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. दोन्ही देशांना कायदा लिहायला आम्ही चाललो, पण वर्षाच्या अंतराने दोघेही दाराबाहेर.

मोठ्या माणसांचं हे असं. लहानांचं काय झालं?

कराचीत भंगी, मेहतर आपले लोक होते. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, हे लक्षात घ्या. १९४७ च्या शेवटाला हिंदू तिथून निघाले तसे हेही निघायला लागले. तर त्यांना जाऊ देईनात. सफाई ही अत्यावश्यक सेवा! व्यापारी गेला तर जाऊ दे, वकील गेला तर जाऊ दे, पण रस्ते आणि संडास कोण साफ करणार? कराचीतले भारताचे उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनीही पुढे हे लिहून ठेवलं आहे. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये पाकिस्तानातल्या अस्पृश्यांना उद्देशून पत्रक काढलं, मिळेल त्या मार्गाने निघून या म्हणून सांगितलं. १८ डिसेंबरला नेहरूंना पत्र लिहिलं. त्यांना सोडवून आणायला महार पलटणीचे शिपाई गेले. तेव्हा महाराने कुणाचा प्रांत राखला नाही, माणसं राखली. मला विचाराल तर आमच्या पलटणीच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं काम. त्याचा कुठे खांब नाही.

पाकिस्तानला शिव्या घालून गप्प बसायचं असेल तर इथेच वाचणं थांबवा. कारण पुढची गोष्ट अलीकडची आहे. १९५७ साली जम्मूत सफाई कामगारांचा संप झाला. तेव्हा राज्य सरकारने पंजाबातून वाल्मीकी कुटुंबं आणवली. तिथे कायम रहिवासी असल्याशिवाय सरकारी नोकरी नाही, जमीन नाही. या लोकांसाठी नियमात सवलत दिली, पण कशी? सफाईच्या कामापुरती. पोरगा बी. ए. झाला तरी सरकारी नोकरी झाडूचीच. हे २०१९ पर्यंत चाललं, बासष्ट वर्षं. कराचीने जाऊ दिलं नाही, जम्मूने येऊ दिलं, आणि दोन्हीकडे हातात दिला तो झाडूच. नेहरू-लियाकत, अब्दुल्ला-बक्षी, सगळे एकमेकांशी भांडत होते. या एका बाबतीत त्यांच्यात काही तंटा दिसत नाही.

बंगालच्या रेघेची तऱ्हा तीच. पूर्व बंगालातून आलेल्या नमशूद्र निर्वासितांना दंडकारण्यात नेऊन टाकलं. ते १९७८ मध्ये सुंदरबनात मरिचझापी बेटावर येऊन राहिले, तर जानेवारी १९७९ मध्ये बेटाला वेढा घातला, अन्न-पाणी अडवलं आणि मे महिन्यात त्यांना हुसकून काढलं. सरकार डाव्यांचं होतं. यावर स्वतंत्र लिहायला पाहिजे, इथे नुसतं नाव घेऊन पुढे जातो.

तर आता १९५१.

काश्मीरची पहिली लढाई ऑक्टोबर १९४७ ला सुरू झाली. महार मशीनगनवाले नौशेरा-झांगडच्या बाजूला होते. झांगड २४ डिसेंबर १९४७ ला पडलं, मार्च १९४८ मध्ये परत घेतलं. १ जानेवारी १९४९ ला तोफा थांबल्या आणि जुलैमध्ये कराचीत बसून दोन्ही फौजांच्या अधिकाऱ्यांनी युद्धबंदी रेषा आखली. बाबासाहेब तेव्हा मंत्रिमंडळात होते. १० ऑक्टोबर १९५१ ला ते राजीनाम्याचं निवेदन करायला संसदेत गेले. उपाध्यक्षांनी आधी प्रत द्या म्हटलं, बोलायची वेळ ठरवली. बाबासाहेब उठून बाहेर आले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिलं. ते सरकारने छापलेल्या खंडांत आहे, चौदाव्या खंडाच्या दुसऱ्या भागात. तालुक्याच्या ग्रंथालयात मिळालं नाही तर माझ्याकडे आहे, येऊन वाचा.

त्यात ते म्हणतात, माझ्या शब्दांत सांगतो: सरकारला वर्षाला महसूल मिळतो साडेतीनशे कोटी. त्यातले एकशे ऐंशी कोटी फौजेवर जातात. निम्म्याहून जास्त. का, तर शेजाऱ्याशी वैर, आणि वैराची दोन कारणं: काश्मीर आणि पूर्व बंगाल. त्यातही त्यांना जास्त काळजी पूर्व बंगालातल्या माणसांची, आणि सगळे बोलतात मात्र काश्मीरवर. काश्मीरबद्दल त्यांचं मत, त्याची फाळणी करा. हिंदू-बौद्ध भाग भारताकडे, मुस्लिम भागाचं तिथले मुसलमान आणि पाकिस्तान बघून घेतील. किंवा तीन भाग पाडा: युद्धबंदीचा टापू, खोरं, आणि जम्मू-लडाख. सार्वमत घ्यायचं तर फक्त खोऱ्यात घ्या. सगळ्या राज्याचं एकत्र सार्वमत घ्याल तर लडाखचे बौद्ध आणि जम्मूचे हिंदू त्यांच्या मर्जीविरुद्ध ओढले जातील, ही त्यांची भीती.

हे वाचून दाखवलं तेव्हा विहारात एकदम शांतता पसरली. मग एक म्हणाला, “हे जाहीर बोललो तर मारतील आपल्याला.” मी म्हटलं, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने १९५१-५२ च्या निवडणुकीचा जाहीरनामा काढला त्यातही फाळणीचं हे मत छापलं होतं. आपली माणसं ते घेऊन मतं मागत फिरली.

इथे एक सावधगिरी. ३७० कलमाबद्दल बाबासाहेबांनी शेख अब्दुल्लांना काय सुनावलं याचा एक लांबलचक उतारा भाषणांत फार फिरतो. तो त्यांच्या लेखन-भाषणांच्या खंडांत सापडत नाही. जे सापडतं ते कुणी वाचत नाही, आणि जे सापडत नाही ते सगळ्यांना पाठ! कुठल्याही बाजूचा वक्ता बाबासाहेबांच्या तोंडी काश्मीर घालायला लागला की त्याला खंड आणि पान विचारा.

आता माझं भांडण. होय, बाबासाहेबांशी. त्यांनी शिकवलं म्हणून करतोय. धर्मावर रेघ मारली की काय होतं हे पंजाबने दाखवलं होतं. पूंछमध्ये, डोड्यात, कारगिलमध्ये मुसलमान जम्मू-लडाखच्या बाजूला आहेत, त्यांचं काय करायचं? तीन भाग पाडायची सूचना मला जास्त जवळची वाटते, कारण त्यात माणसांना विचारायचं आहे. आणि आज ती जशीच्या तशी उचलून लावावी असंही मी म्हणत नाही. पाऊणशे वर्षांत फार रक्त गेलं. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला जे झालं ते कुठल्याही रेघेने माफ होत नाही. पण त्या निवेदनातली रीत मला घ्यायची आहे. मान कुणाची राहील हे त्यात नाही. रेघेजवळ राहणारा कुठे जायला तयार आहे आणि ती रेघ राखायला किती पैसा जातो, एवढे दोनच प्रश्न आहेत. शीव चालणाऱ्या महाराची साक्ष याहून वेगळी नसते.

बाबासाहेबांना शांततावादी करू नका, हेही सांगतो. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’मध्ये, १९४० साली, त्यांनी फौजेचा हिशेब मांडलाय तो वाचा. मजबूत सीमेपेक्षा भरवशाची फौज बरी असं म्हणणारा तो माणूस. १९५४ च्या एप्रिलमध्ये चीनशी पंचशीलाचा करार झाला आणि देशभर टाळ्या पडल्या, तेव्हा ऑगस्टमध्ये राज्यसभेत त्यांनी विचारलं की पंचशील बुद्धाचं, ते ज्याला मान्य आहे तो बौद्धांशी असा वागेल काय? तिबेट गेला म्हणजे चीन आपल्या दाराशी आला, हेही सांगितलं. त्या कराराला आठ वर्षांची मुदत होती. जून १९६२ ला संपली, ऑक्टोबरला लढाई लागली. कागदावर शील लिहून शीव राखता येत नाही, हे आजच्या दिल्लीलाही कुणीतरी सांगायला हवं.

मग शांतता होतच नाही काय? होते. दोन ठिकाणी झालेली मला माहीत आहे.

कच्छच्या रणात एप्रिल १९६५ ला दोन्ही फौजा भिडल्या. मग दोन्ही देशांनी तंटा तीन पंचांपुढे ठेवला. १९ फेब्रुवारी १९६८ ला निवाडा लागला: भांडणातल्या दहा हिश्शांपैकी नऊ भारताला, एक पाकिस्तानला. इथे मोर्चे निघाले, एक इंचही देणार नाही म्हणून. दिली. आकाश कोसळलं नाही. त्याच्याच शेपटाशी सर क्रीकची खाडी मात्र आजही लोंबकळत आहे, आणि ते भांडण तर आपल्या मुंबई सरकारच्या १९१४ च्या ठरावावरचं. सीमा खाडीच्या काठाने की मधल्या धारेतून? दोन्हीकडे कागदाला कागद. मधल्या मध्ये दोन्हीकडचे खलाशी पकडले जातात, वर्षानुवर्षं तुरुंगात सडतात. खलाशी भरती-ओहोटीवर जातो, त्याला पाण्यावरची रेघ दिसत नाही.

दुसरं ठिकाण बांगलादेशची सीमा. तिथे कूचबिहारच्या बाजूला भारताचे १११ तुकडे बांगलादेशाच्या पोटात होते आणि बांगलादेशाचे ५१ भारताच्या पोटात. राजेरजवाड्यांच्या जुन्या मालकीचा घोळ. त्या तुकड्यांत सुमारे एक्कावन्न हजार माणसं. देश कागदावर एक, पायाखाली दुसरा. शाळा नाही, दवाखाना नाही, पोलीस नाही, मत नाही. वेशीबाहेरचं जिणं काय असतं हे त्यांना आपण सांगायला नको. १९७४ साली इंदिरा गांधी आणि मुजीबूर रहमान यांचा करार झाला आणि एकेचाळीस वर्षं पडून राहिला. इथे पुन्हा तेच, एक इंच. शेवटी मे २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती झाली आणि ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री तुकड्यांची अदलाबदल झाली. भारताच्या वाट्याला आलं त्याहून सुमारे दहा हजार एकर जास्त गेलं. पण त्याआधी घरोघर जाऊन प्रत्येकाला विचारलं: तुला कुठला देश पाहिजे? बहुतेकांनी आपल्या जागेवरच राहायचं म्हटलं. तिकडून उठून इकडे आले ते हजाराच्या आतच. आल्यावर त्यांचे हाल झाले, ती गोष्ट वेगळी. पण विचारलं! रॅडक्लिफने जे केलं नाही ते अडुसष्ट वर्षांनी केलं.

उलटा नमुना बघायचा तर सियाचीन. कराचीत १९४९ ला रेषा आखताना एनजे ९८४२ या खुणेशी अधिकारी थांबले. पुढे माणूसच नाही, लढणार कोण? म्हणून लिहिलं, तिथून उत्तरेला हिमनद्यांपर्यंत. सिमला करारानंतर १९७२ ला नवी नियंत्रण रेषा काढली, तरी तिथे तेवढंच ठेवलं. त्या अर्ध्या वाक्यावर एप्रिल १९८४ पासून दोन्ही फौजा बसल्या आहेत. तिथे गोळीपेक्षा थंडीने जास्त माणसं गेली. एप्रिल २०१२ मध्ये पलीकडे गयारीला एका हिमकड्याखाली १४० गाडले गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये अलीकडे दहा. बर्फाने दोन्ही वेळेला पासपोर्ट बघितला नाही. १९७२ चं सिमला, १९९९ चं लाहोर, त्यामागून कारगिल, २००३ ची युद्धबंदी, फेब्रुवारी २०२१ ला तीच पुन्हा. करार होतात तेव्हा पूंछकडच्या गावांत शेतं नांगरली जातात, मोडतात तेव्हा तिथलीच माणसं तळघरात जातात.

हे सगळं सांगून झाल्यावर तो कॉलेजवाला पोरगा म्हणाला, “तात्या, एक विचारू? शांतता झाली तर आपल्या पोरांच्या नोकऱ्यांचं काय?”

ह्याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. वाडीतली पाच पक्की घरं पेन्शनीची. माझं शिक्षण चुलत्याच्या मनिऑर्डरीवर झालं. एकशे ऐंशी कोटींवर बोट ठेवणारे बाबासाहेब आणि महार पलटण उभी करायला झगडणारे बाबासाहेब एकच. हे कोडं त्यांनाही होतं. उरलेले एकशे सत्तर कोटी शाळांना, जमिनीला, पाण्याला पुरे पडत नाहीत, म्हणूनच तर पोरगं भरतीला पळतं! १९६४ च्या ६ डिसेंबरपासून दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखो माणसं तुरुंगात गेली, मागणी साधी, कसायला पडीक जमीन. पुढल्याच वर्षी पाकिस्तानशी लढाई लागली आणि शास्त्रींनी घोषणा दिली, जय जवान जय किसान. जवान आम्ही होतो. किसान व्हायला सातबारा लागतो.

आणि ती पेन्शन तरी कुठे राहिली? २०२२ पासून भरती चार वर्षांची. चारांतला एक ठेवणार, तीन घरी. पेन्शन नाही. १८९२ ला आमचा दरवाजा जात सांगून बंद केला, आता जात न सांगता अर्धा लोटलाय. घागर फोडायची रीत म्हटलं ती हीच.

तेव्हा पोराला एवढंच म्हटलं, नोकरीसाठी लढाई पाहिजे असं ज्या आईला वाटतं तिला शोधून आण, मग बोलू.

तो अग्निवीर दिवाळीला पंधरा दिवस घरी आला होता. वाळलाय. २०२७ ला त्याची चार वर्षं भरतात. विहारात पोरांनी त्याला घेरलं, बर्फ कसा असतो, आवाज कसा येतो. तो फार बोलला नाही. पलीकडच्या चौकीतला माणूस सकाळी शेकोटी करतो, तिचा धूर इकडून दिसतो, एवढं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन तहसील कचेरीत गेलो, घराखालच्या जागेच्या अर्जाचं काय झालं बघायला. कारकून म्हणाला, हद्द कायम करायला मोजणी लागेल, मोजणीची फी भरा, तारीख मिळेल. पोराने खिशातनं पैसे काढले आणि मोजून टेबलावर ठेवले.